गाडी जुनी, म्हणून ब्रेक कच्चे?

"काका, जुन्या गाडीचे ब्रेक असेच असतात."

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत किती वेळा ऐकले असेल त्याची गणती नाही. वाक्वाला ऐकले, कास्कावेलला ऐकले, काळ्या नदीच्या बाजूला एका लग्नाच्या मांडवाबाहेर ऐकले. आणि २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्नियात माझ्या सख्ख्या पुतण्याच्या तोंडूनही ऐकले. त्या दिवशी मात्र मला गप्प बसवले नाही. आपल्या बेटावरची पुष्कळ मुले हल्ली जुनी मोटार घेऊन ती घरच्या शेडमध्ये नवी करण्याच्या छंदात पडली आहेत. कोणी मॉरिस मायनर, कोणी मिनी, कोणी जुनी डॅटसन. छंद चांगला आहे, वाईट नाही. पण या एका वाक्याने कोणाचे तरी घर बुडेल अशी भीती वाटते, म्हणून हा लेख.

मी आयुष्याची बरीच वर्षे बसगाड्यांच्या गॅरेजात घालवली आहेत. तेथे शिकलेली पहिली गोष्ट ही की ब्रेक म्हातारे होत नाहीत, बिघडतात. म्हातारपणाला औषध नसते. बिघाडाला कारण असते, आणि कारण शोधता येते.

पुतण्याची गाडी म्हणजे १९६६ सालची फोर्ड मस्टँग, सहा सिलिंडरांची. अशी गाडी मॉरिशसमध्ये क्वचितच दिसते, पण अमेरिकेत तिचे वेड फार. अकराशे किलोच्या वर वजन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पायाला मदत करणारा बूस्टर नाही. त्याने ती २०२२ साली घेतली. इंजिन उतरवून पुन्हा बसवले, रंग दिला, सीटना नवे कापड घातले. ब्रेकचे काम मात्र एका वर्कशॉपकडे दिले. त्यांनी जुना मास्टर सिलिंडर काढून दोन कप्प्यांचा नवा बसवला आणि चारही चाकांना नवे ब्रेक-शू घातले. गाडी बाहेर पडली, पण थांबेना. म्हणजे थांबे, पण मर्जीने. मग त्याने दुसरा मास्टर सिलिंडर आणला, रबरी होज बदलले, ब्रेक ऑइल बदलले. पैसे गेले, दोष राहिला. शेवटी त्याने ते वाक्य पाठ केले.

मी जाण्याच्या पंधरा दिवस आधी तो मुलीला शेजारी बसवून सांता क्रूझहून हायवे १७ ने परत येत होता. सान होजे आणि समुद्र यांच्यामधल्या डोंगरावरून हा रस्ता जातो. आपल्या शामारेलहून काझ नोयालला उतरणाऱ्या रस्त्यासारखीच वळणे, फक्त रस्ता रुंद आणि गाड्यांचा वेग दुप्पट. उतारावर पुढची लॉरी थांबली. त्याने दोन्ही पायांनी पेडल दाबले. गाडी लॉरीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. ही गोष्ट त्याने मला सांगितली नाही. आठ वर्षांच्या नातीने सांगितली, तीही गंमत म्हणून.

आता अमेरिकेबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या लोकांची समजूत अशी की तिकडे सर्व काही कायद्याने चालते. कॅलिफोर्नियात खासगी मोटारीच्या ब्रेकची ठरावीक मुदतीने तपासणीच होत नाही. धुराची होते, पण १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोलच्या गाड्यांना तीही माफ आहे. म्हणजे १९६६ ची गाडी वर्षानुवर्षे रस्त्यावर फिरेल आणि सरकारचा एकही माणूस तिच्या चाकाखाली डोकावणार नाही. पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत तपासणी आहे. टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद करून टाकली. बंद करणाऱ्यांच्या बाजूने आकडे आहेत: अमेरिकन सरकारने २००५ ते २००७ मध्ये अपघातांच्या कारणांची मोठी पाहणी केली, तीत शंभरातल्या जेमतेम दोन अपघातांत अखेरचे कारण गाडीतला दोष असे निघाले. त्या दोनांमध्ये पहिला नंबर टायरचा आणि दुसरा ब्रेकचा. पण ही सरासरी रोजच्या साध्या गाड्यांची. साठ वर्षांची गाडी, जिचे चारही ड्रम घरी किंवा कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये उघडून पुन्हा बसवले आहेत, ती त्या सरासरीच्या मागे लपू शकत नाही. आपल्याकडे फिटनेसला गाडी न्यायची म्हटली की लोक कपाळाला आठ्या घालतात. मला ती आठी समजत नाही. ३ मे २०१३ रोजी सोरेझला बसचे ब्रेक निकामी होऊन १० जीव गेले, ते विसरण्याइतके आपण म्हातारे झालेलो नाही.

असो. गाडीकडे येतो.

ब्रेक कमजोर आहेत असे म्हणणे म्हणजे पोटात दुखते असे म्हणणे. कोठे दुखते, केव्हा दुखते, हे वैद्य आधी विचारतो. ब्रेकचा वैद्य पेडलला विचारतो. पेडल स्पंजासारखे मऊ लागले तर नळ्यांत हवा आहे, किंवा जुना होज दाबाने फुगतो आहे. पेडल खूप खाली जाते, पण दोनदा पटापट दाबले की वर येते, तर शू आणि ड्रम यांत अंतर जास्त झाले आहे. पाय स्थिर दाबून धरला असता पेडल हळूहळू फळीकडे बुडत गेले तर कोठेतरी गळती आहे. आणि बाहेर एक थेंबही दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर ऑइल मागे सोडते आहे. सपाटीवर ब्रेक चांगले, पण लांब उतारानंतर पेडल एकाएकी रिकामे, तर ऑइल उकळले असे समजावे. हे ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ जातीचे ताजे ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा अमेरिकन नियम आहे. तेच पाणी मुरलेले असले तर नियमाची अपेक्षा १४० अंशांवर येते. ज्या गाडीचे ऑइल दहा वर्षे कोणी बदलले नाही तिला शामारेलच्या उतारावर नेणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

आणि पाचवी तऱ्हा: पेडल उंच, दगडासारखे टणक, पण गाडी थांबत नाही. पुतण्याच्या गाडीची ही तऱ्हा. याचा अर्थ हवा नाही, गळती नाही, अंतरही फारसे नाही. म्हणजे त्याने ज्या ज्या वस्तू बदलल्या, मास्टर सिलिंडरचे रबर, होज, ऑइल, त्यांपैकी एकीबद्दलही पेडलने तक्रार केली नव्हती. टणक पेडल सांगत होते की पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही, किंवा पोचून ड्रमवर वाया जातो. बूस्टरवाली गाडी असती तर मी आधी बूस्टर पाहिला असता. त्याची परीक्षा सोपी: इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबायचे, मग पाय दाबून धरून इंजिन सुरू करायचे, पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर जिवंत, न गेले तर मेला. येथे तो प्रश्न नव्हता.

आम्ही दोघांनी गाडी चार घोड्यांवर उचलून ठेवली. जॅकवर नव्हे, जॅकवरच्या गाडीखाली जाणाऱ्याशी मी बोलत नाही. पुतण्या पेडलवर बसला. मी एकेक चाक हाताने फिरवीत म्हणालो, "हळूहळू दाब." तीन चाके जवळजवळ एकाच वेळी धरली गेली. उजवे मागचे चाक मी फिरवीतच राहिलो. ते फार उशिरा, आणि तेही अर्धेमुर्धे धरले. या परीक्षेला पैसा लागत नाही, फक्त एक माणूस लागतो जो सांगितल्याप्रमाणे दाबील. गाडी चालवून आल्यावर प्रत्येक ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाकण्याची जुनी रीतही आहे: तीन ड्रमवर थेंब चुरचुरतो आणि चौथ्यावर तसाच ओघळतो, तर चौथे चाक फुकट फिरते आहे. ड्रमला हात मात्र लावू नये.

मग ड्रम काढले. येथे एक इशारा. ड्रमच्या आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. अमेरिकेने गाड्यांच्या सुट्या ब्रेक-लायनरमधल्या ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घालायला २०२४ साल उजाडावे लागले. धूळ ओली करून पुसावी. माझ्या बरोबरीचे दोन कारागीर छातीच्या दुखण्याने गेले. तेव्हा आम्ही ती धूळ तोंडाने फुंकीत होतो.

उजव्या मागच्या चाकात व्हील सिलिंडरचा एक पिस्टन गंजून जाम झालेला होता. तो एका बाजूचा शू ढकलीत होता, दुसऱ्या बाजूचा नाही. शू नवे घालणाऱ्याने सिलिंडरचे रबरी टोपण उचलून पाहिलेच नव्हते.

पुढची चाके पाहून मात्र मला हसू आले, आणि मग राग. या गाडीच्या प्रत्येक चाकात दोन शू असतात, पण ते सारखे नसतात. पुढे बसतो त्याचे लायनर आखूड, मागे बसतो त्याचे लांब. चाक फिरताना पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि मागच्याला ढकलतो, म्हणून मागच्यावर काम जास्त. या रचनेमुळेच बूस्टर नसताना ती गाडी पायाच्या जोरावर थांबते. वर्कशॉपवाल्याने डाव्या चाकात दोन्ही आखूड घातले होते आणि उजव्या चाकात दोन्ही लांब! ब्रेक मारला की गाडी किंचित एका बाजूला ओढते हे पुतण्याला माहीत होते; तो दोष तो टायरला देत होता. शिवाय शूंवर पाहिले तर मध्यभागी दोन बोटांएवढा पट्टा काचेसारखा चमकत होता, बाकीचे लायनर कोरे. ड्रम पूर्वी कधीतरी लेथवर तासून मोठे केलेले, आणि नवे शू मूळ मापाच्या गोलाईचे. मग ते मध्येच टेकणार, टोकांना नाही. पूर्वी प्रत्येक चांगल्या गॅरेजात शू ड्रमच्या गोलाईला घासून बसवण्याचे यंत्र असे. ॲस्बेस्टॉसच्या धुळीच्या भीतीने ती यंत्रे गेली, भीती खरीच होती. पण यंत्राबरोबर समजही गेली. आता डब्यातून काढले आणि बसवले, झाले काम.

राहिला मास्टर सिलिंडर. तो दोन कप्प्यांचा केला हे मात्र शंभर टक्के योग्य. जुन्या रचनेत चारही चाकांचे ऑइल एकाच कप्प्यातून जाई. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत राल्फ नाडर यांचे पुस्तक १९६५ साली निघाले, मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा सप्टेंबर १९६६ मध्ये झाला, आणि १९६७ च्या मॉडेलपासून तिकडच्या कारखान्यांनी दोन कप्पे सर्रास घातले. पुतण्याची गाडी एका वर्षाने चुकली. पण बसवलेला सिलिंडर एक इंच व्यासाचा होता, बूस्टर असलेल्या डिस्क ब्रेकच्या गाडीसाठी काढलेला. या गाडीला पाऊण इंचाच्या वर एक अष्टमांश, म्हणजे सात अष्टमांश इंचाचा चालला असता.

पुतण्या कॉम्प्युटरचा इंजिनियर. म्हणाला, "काका, मोठा सिलिंडर म्हणजे जोर जास्त ना?" मी म्हटले, "कागद आण." समजा पायाचा जोर २५ किलो. पेडलच्या दांड्याने तो सहापट होऊन १५० किलो झाला. एक इंची पिस्टनचे क्षेत्रफळ साधारण ५ चौरस सेंटिमीटर. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोच्या आतबाहेर. सात अष्टमांश इंचाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ३.९; दाब झाला ३८ किलोच्या वर. त्याच पायाने जवळजवळ तीस टक्के जास्त! मोठा सिलिंडर ऑइल जास्त ढकलतो, म्हणून पेडल उंच आणि टणक लागते, आणि अजाण माणूस त्यालाच मजबूत ब्रेक समजतो. पोरगा कागदाकडे बघत राहिला. हे गणित त्याने शाळेत पास केले होते.

तेव्हा एक मोठा दोष नव्हता. चार लहान दोष होते, आणि प्रत्येकाने थोडेथोडे चोरून नेले होते. यामुळेच वस्तू बदलत जाणाऱ्याला हा रोग सापडत नाही: एक वस्तू बदलली, फरक दिसला नाही, म्हणून ती ठीक होती असे तो धरून चालतो आणि पुढच्या वस्तूकडे वळतो.

येथे मला एका मतभेदाची दखल घेतली पाहिजे. पुतण्याचे मित्र म्हणत होते की हे सारे उपद्व्याप कशाला, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकचा तयार संच बसवा आणि मोकळे व्हा. डिस्कविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. उतारावर ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर जातो, डिस्कला तो त्रास नाही. पावसातही डिस्क बरी. रोज डोंगर उतरणाऱ्याने अवश्य बसवावी. पण आधी रोग ओळखल्याशिवाय बसवली असती तर? मागचा जाम पिस्टन जाम राहिला असता. आणि बूस्टरशिवायची डिस्क ड्रमसारखी स्वतःला ओढून घेत नाही, तिला नळीत दाब अधिक लागतो. एक इंची सिलिंडरवर ती आणखीच कमजोर भासली असती. मग त्याने बूस्टर घेतला असता. खर्चाला अंत नाही. शिवाय १९६६ ची ही गाडी नीट जुळवलेल्या ड्रमवर सपाट रस्त्यावर चाके घट्ट धरू शकते, हे तर सिद्ध आहे. ती विकली गेली तेव्हा लोक तिच्यातून मुले शाळेत नेत होते.

आम्ही मागचे दोन्ही व्हील सिलिंडर बदलले. एका आसावर जोडीनेच बदलावेत. पुढच्या शूंची अदलाबदल केली. ड्रमला आतून खडू फासून शू कोठे टेकतात ते पाहिले आणि तास दीड तासाच्या अंतरावर एक म्हातारा कारागीर अजून शू घासून देतो त्याच्याकडे नेले. मास्टर सिलिंडर योग्य मापाचा मागवला. तो यायला आठवडा लागला. तोपर्यंत सान होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन येऊन ठेपले. पुतण्याचे स्वप्न होते की लाल मस्टँगमधून काकांना अधिवेशनाला न्यायचे. सुनेने आणि मी मिळून नाही म्हटले. त्यांच्या रोजच्या टोयोटातून गेलो. कोणाचे काही बिघडले नाही.

अधिवेशनानंतर एका रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये परीक्षा घेतली. दुरुस्तीच्या आधी त्याच जागी तशी ५० किलोमीटरच्या वेगाने खडूच्या रेघेवर ब्रेक दाबून पावले मोजली होती; २४ भरली होती. नवे लायनर बसावेत म्हणून आधी वीसेक वेळा हलके ब्रेक मारून मध्ये मध्ये थंड होऊ दिले, मग तीच रेघ, तोच वेग. १४ पावले. पुतण्याने पुन्हा करून पाहिले. पुन्हा १४. दहा पावलांचा फरक म्हणजे दोन मोटारींची लांबी. हायवेच्या वेगाला तो फरक याच्या चौपट होतो, कारण वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर दुपटीने नव्हे, चौपटीने वाढते.

आपल्याकडच्या मुलांसाठी दोन शब्द. मॉरिस मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या आत असतो. सतरंजी उचलल्याशिवाय ऑइलचे बूच दिसत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. आज उघडा. एकच कप्पा आहे हे ध्यानात असू द्या. आणि इंजिन, रंग, सीट या क्रमाने काम करू नका. आधी गाडी थांबती करा. चालती मागाहून करा. मला ठाऊक आहे, रंगाचा फोटो घेता येतो आणि व्हील सिलिंडरचा घेऊन कोणाला दाखवणार. पण बायको, मुले आणि म्हातारी आई त्या गाडीत बसणार आहेत. ज्या दिवशी पेडल नेहमीपेक्षा वेगळे लागेल त्या दिवशी गाडी तेथेच ठेवून बसने घरी या.

पुतण्याचा गेल्या आठवड्यात फोन होता. हँडब्रेकची केबल सैल आहे म्हणतो, उतारावर गाडी धरत नाही. मी विचारले, मागचे शू जुळवून पाहिलेस की केबलच मागवलीस? थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "शनिवारी ड्रम काढतो, काका."